लूशानचा उशिरा येणारा वसंत

चीनमध्ये यांगत्से नदीच्या दक्षिणेस, पोयांग सरोवराच्या काठी लूशान नावाचा पर्वत आहे. त्याचे सर्वांत उंच शिखर १,४७४ मीटरांचे. नदीसरोवरावरची दमट हवा त्याच्या कड्यांवर चढते, थंडावते आणि तिचे धुके होते. थंडीत तेथे बर्फ पडते. उन्हाळ्यात पायथ्याशी जीव कासावीस झाला, तरी माथ्यावर गारवा असतो.

पण ह्या डोंगराने माणसाला एक धडा दिला, तो वसंतात. इ. स. ८१५ मध्ये बाइ जूयी हा कवी दरबारात स्पष्ट बोलला, म्हणून त्याला राजधानीतून इकडे धाडण्यात आले. ८१७ साली चिनी चौथ्या महिन्यात, म्हणजे आपल्या वैशाखाच्या सुमारास, तो सोबत्यांसह डोंगर चढून दालिन मंदिरात मुक्कामाला गेला. खाली पीचचा बहर सरला होता. वर तो नुकता कोठे लागत होता. ओढ्याकाठचे गवतही अजून आखूडच होते. कवीने त्यावर कविता केली आणि तारखेसह टिपणही लिहून ठेवले.

पुढे शेन क्वो (१०३१–१०९५) ह्या विद्वानाने तीच कविता पुरावा म्हणून पुढे केली. औषधी मुळ्या दुसऱ्या आणि आठव्या महिन्यातच खणाव्यात, असा त्या काळी दंडक होता. शेनचे म्हणणे, हे बरोबर नाही. जमीन उंच की सखल, मुलूख उबदार की थंड, बियाण्याची जात कोणती, हे पाहायला नको का? अहो, एकाच शेतात खतपाणी मिळालेले बी आधी उगवते! मग सगळीकडे एकच महिना धरून कसे चालेल?

आज आपण ह्याचे कारण सांगू शकतो. शंभर मीटर वर गेले की हवा साधारण अर्ध्या अंशाहून थोडी अधिक थंड होते. हजार मीटरांवर हा फरक पाचसहा अंशांचा होतो; साहजिकच फुलांना उशीर होतो.

अशा नोंदी वाया जात नाहीत. १९७२ साली हवामानशास्त्रज्ञ जू खजन यांनी चीनच्या पाच हजार वर्षांच्या हवामानाचा आढावा घेतला, तेव्हा फुले कधी उमलली, नद्या कधी गोठल्या, हे त्यांनी जुन्या ग्रंथांतूनच शोधले.

गुरुजींनी शाळेत एक वही ठेवावी. आंब्याला मोहोर कधी आला, पहिला पाऊस कधी पडला, हे मुलांकडून दरसाल तारखेनिशी लिहून घ्यावे. पंचांग सगळ्यांना एकच. पण आपल्या शिवाराचा ऋतू आपणच टिपायचा असतो.