बर्लिनहून कलकत्त्याला निघालेले तीन डबे

आजचा भाग सुचला तो आमच्या काकाच्या ग्रासकटरमुळे. गेल्या पावसाळ्यात गावी आंब्याच्या बागेत गवत काढणं चाललं होतं. टाकी संपली. चुलतभावाने मशीन बंद केलं आणि सायलेन्सर तापलेला असतानाच पाण्याच्या प्लास्टिक बाटलीतून पेट्रोल ओतायला घेतलं. बाटली गचके देत ओतते, माहितीये ना? थोडं सांडलं आणि भप्पकन पेटलं. काकाने ओली माती टाकली म्हणून निभावलं. भावाची अर्धी भुवई गेली, हात भाजला तो वेगळाच.

त्या रात्री मी शोधत बसलो, की न सांडता पेट्रोल ओतायची अक्कल माणसाला आली कधी? तर आली 1937 च्या आसपास, जर्मनीत. आणि आली युद्धाच्या तयारीतून, हे नाकारण्यात अर्थ नाही.

जर्मन लष्कराला वीस लिटरचा एक डबा हवा होता. जो बनला तो बघा कसा. वर तीन मुठी, म्हणजे भरलेला डबा दोघं मिळून उचलू शकतात आणि रिकामे दोन-दोन एका हातात नेता येतात. झाकण स्क्रूचं नाही, खटक्याचं. त्यामुळे पाना नको आणि नरसाळंही नको. आत हवेसाठी बारीक नळी, म्हणून धार सलग पडते, गचके नाहीत. मुठींमागे थोडी जागा रिकामी राहते, उन्हाने पेट्रोल फुगलं तर तिथे मावतं.

आता आपल्याकडचा धागा. 1939 मध्ये पॉल प्लाइस नावाचा अमेरिकन इंजिनियर एका जर्मन सहकाऱ्याबरोबर बर्लिनहून गाडीने भारताकडे निघाला. वाटेत प्यायचं पाणी न्यायचं कशात? सहकाऱ्याने टेम्पलहोफ विमानतळावरच्या साठ्यातून हेच तीन डबे आणले. सहकारी अर्ध्या वाटेवरून परतला, पण जाण्याआधी डब्याची सगळी माहिती देऊन गेला. प्लाइस एकटाच कलकत्त्याला पोचला, गाडी तिथेच ठेवून अमेरिकेला गेला आणि लष्कराला म्हणाला, हे बघा. कुणी लक्ष दिलं नाही. पुढे अमेरिकेने डबा बनवला खरा, पण त्यात नको ते बदल केले: वेल्डिंगऐवजी दुमडलेले सांधे, आतला लेप काढून टाकला, आणि परत पाना नि नरसाळं आलंच!

इंग्रजांचं तर विचारूच नका. आफ्रिकेच्या वाळवंटात त्यांच्याकडे पातळ पत्र्याचे चार गॅलनचे डबे होते, साधारण आपल्या जुन्या रॉकेलच्या डब्यासारखे. सैनिक त्यांना ‘फ्लिम्सी’ म्हणायचे, म्हणजे लेचेपेचे. ट्रकमध्ये हादरले की सांधे सुटायचे. जनरल ऑकिनलेकचा अंदाज होता की तळापासून आघाडीपर्यंत सुमारे 30 टक्के इंधन वाया जातं. आणि हे गळणारं पेट्रोल ट्रकच्या तळाशी साचायचं, विचार करा! रिकाम्या डब्यात वाळू नि पेट्रोल घालून चहाची चूल मात्र झकास व्हायची. शेवटी इंग्रजांनी पकडलेले जर्मन डबे वापरले, मग हुबेहूब नक्कल केली. जर्मनांना ते ‘जेरी’ म्हणत, म्हणून हा जेरीकॅन. 1945 मध्ये युद्ध संपलं तेव्हा युरोपभर सुमारे 2 कोटी 10 लाख डबे विखुरलेले होते.

भावाचा हात महिन्याभराने बरा झाला. आता काकाकडे धातूचा डबा आहे. मशीन दहा मिनिटं गार होतं, डबा जमिनीवर ठेवून भरला जातो, टाकी गळ्यापर्यंत भरत नाहीत. मग झाकण, पेट्रोलची नळी, पात्याचा नट हाताने चाचपायचा आणि भरलेल्या जागेपासून दहा-बारा पावलं लांब जाऊन दोरी ओढायची. भाऊ कुरकुरतो, ‘एवढ्यात एक वाफा कापून झाला असता.’ काका त्याच्या भुवईकडे बघतो, बस्स.