औंधचे सूर्यनमस्कार

सातारा जिल्ह्याच्या पूर्वेकडील ज्या मुलखात सह्याद्रीचा पाऊस पोहोचेपर्यंत क्षीण होऊन जातो आणि ज्वारी-बाजरीच्या पिकावरच रयतेचा वर्षाचा योगक्षेम अवलंबून असे, त्या मुलखात यमाईच्या डोंगराच्या पायथ्याशी औंध वसले आहे. छत्रपती राजारामांच्या काळी निर्माण झालेले प्रतिनिधिपद पुढे परशुराम त्रिंबकांच्या घराण्यात वंशपरंपरेने स्थिरावले, आणि सातारचे राज्य १८४८ साली खालसा झाल्यावरही या घराण्याची जहागीर इंग्रजी अंमलाखाली संस्थान म्हणून टिकून राहिली. औंध, आटपाडी, कुंडल व गुणदाळ असे चार तालुके, आणि तेही सलग नसून सातारा, सोलापूर व विजापूर या जिल्ह्यांत विखुरलेले. गावे अवघी बहात्तर. हत्ती-घोड्यांचे वैभव मिरवणाऱ्या मोठ्या संस्थानांच्या पंक्तीला बसण्याची ऐपत या दौलतीला कधीच नव्हती. तरीही प्रजेच्या सुखाचा प्रश्न येथे ज्या आस्थेने आणि ज्या अनपेक्षित टोकाकडून हाताळला गेला, त्याला त्या काळच्या संस्थानी इतिहासात फारशी तोड सापडत नाही.

श्रीमंत भवानराव श्रीनिवासराव पंतप्रतिनिधी हे १९०९ साली गादीवर आले. डेक्कन कॉलेजात विद्या संपादन करून पदवीधर झालेला हा राजा स्वतः चित्रकार होता, कीर्तनकार होता, आणि भांडारकर संस्थेने हाती घेतलेल्या महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचा तो एक प्रमुख आश्रयदाता होता. परंतु या सर्व व्यासंगांहून अधिक निष्ठेने त्याने जे जपले, ते पहाटेचे नमस्कार. नमस्कार सुरू करण्यापूर्वी सुमारे दहा वर्षे भवानरावांनी युजेन सँडो या जगप्रसिद्ध मल्लाच्या पद्धतीने व्यायाम केला होता. सँडोची पुस्तके व उपकरणे त्या काळी हिंदुस्थानातील सुशिक्षित तरुणांना मोहिनी घालीत होती, आणि १९०४-०५ च्या सुमारास तो स्वतः या देशाचा दौरा करून गेल्यावर त्याची कीर्ती अधिकच पसरली. पुढे मिरजकर संस्थानिकांच्या उदाहरणाने भवानराव नमस्कारांकडे वळले, आणि वळले ते कायमचे. साहित्याची यत्किंचितही अपेक्षा न ठेवणारा, आखाडा, हौदा वा जोडीदार यांवाचून अडून न राहणारा, अंग पसरण्यापुरती जमीन मिळाली की राजवाड्यात आणि शेतकऱ्याच्या पडवीत सारखाच साधणारा हा व्यायाम आहे, हे त्यांनी ओळखले. माझ्या मते औंधच्या पुढील सर्व प्रयोगांचे बीज याच ओळखीत होते. कारण जे सुख विकत घ्यावे लागते ते दुष्काळी तालुक्यातील रयतेला देणे कोणत्याही खजिन्याला परवडणारे नव्हते.

नमस्कार ही वस्तू अर्थातच नवी नव्हती. आरोग्याची याचना सूर्यापाशी करावी ही समजूत पुरातन आहे. वैदिक मंत्रांच्या उच्चारासह सूर्याला साष्टांग नमस्कार घालण्याचा विधी महाराष्ट्रातील ब्राह्मण कुटुंबांत व्रत म्हणून चालत आलेला होता, आणि बलोपासनेसाठी नमस्कार घालण्याची प्रथा परंपरेने समर्थ रामदासांच्या नावाशी जोडलेली आहे. भवानरावांनी केले ते एवढेच, की या विधीचे अवयव सुटे करून तपासले, त्यांचा क्रम दहा अवस्थांत निश्चित केला आणि प्रत्येक अवस्थेशी श्वासाची गती जुळवून दिली. हात जोडून ताठ उभे राहावे; कमरेतून वाकून तळवे पावलांशेजारी टेकावे; एक पाय मागे न्यावा, मग दुसरा; कपाळ, छाती, गुडघे भूमीला लावून दंडवत घालावे; छाती उचलून मान मागे न्यावी; कंबर वर उचलावी; आणि ज्या वाटेने गेलो त्याच वाटेने परत उभे राहावे. मित्र, रवी, सूर्य, भानू अशा सूर्याच्या बारा नावांचा बीजमंत्रांसह उच्चार त्यांनी आग्रहाने कायम ठेवला. तो केवळ श्रद्धेपोटी नव्हे. त्या ह्रस्वदीर्घ नादांनी कंठ, छाती व उदर यांना स्वतंत्र व्यायाम घडतो अशी त्यांची धारणा होती.

संस्थानातील शाळांमधून नमस्कार सक्तीचे झाले. मुलांबरोबर मुलींनाही ते लागू झाले, आणि ही गोष्ट त्या काळाच्या मानाने लहान नव्हती. परकर-पोलक्यातील मुलीने अंगणात व्यायाम करावा हे जिथे घरोघरच्या वडीलधाऱ्यांना रुचणे कठीण, तिथे राणीसाहेबांनी स्वतः नमस्कार घालून उदाहरण घालून दिले, आणि स्त्रियांनी, विशेषतः मातांनी, हा नेम का पाळावा हे महाराजांनी आपल्या लेखनातून विस्ताराने सांगितले. आहाराविषयीही त्यांची मते ठाम होती: चहा-तंबाखूचा निषेध, कच्च्या भाजीपाल्याचा पुरस्कार.

येथे एक शंका मनात येते, आणि ती दडपणे मला प्रामाणिकपणाचे वाटत नाही. सुखाची सवय हुकुमाने लावता येते काय? पहाटे थंडीत कुडकुडत उभ्या केलेल्या बालकाला सूर्याची बारा नावे आनंददायक वाटली असतील असे कोण म्हणेल? तथापि या सक्तीत एक गोष्ट अशी होती, जी सरकारी फर्मानांत क्वचितच आढळते: फर्मान काढणारा स्वतः रोज त्या फर्मानाचे पालन करीत होता, आणि तेही वार्धक्य आले तरी. रयतेवर कर बसवून स्वतः मोकळे राहणारे राज्यकर्ते पुष्कळ होऊन गेले. रयतेवर बसवलेला नेम आधी स्वतःच्या पाठीच्या कण्यावर बसवणारा राजा मला आदरणीय वाटतो.

या नेमाची वार्ता साता समुद्रापलीकडे गेली. १९३६ साली महाराज विलायतेत असताना लुईझ मॉर्गन या पत्रकार बाईंनी त्यांची भेट घेतली. साठी ओलांडलेल्या या गृहस्थाची चपळता आणि प्रसन्नता त्यांना नवलाची वाटली, आणि त्यांनी संपादित केलेले महाराजांचे नमस्कारांवरील इंग्रजी पुस्तक १९३८ साली लंडनमध्ये प्रसिद्ध झाले. ज्या देशातून सँडोची उपकरणे औंधला आली होती, त्या देशात औंधचा बिनखर्ची व्यायाम पोहोचायला उणीपुरी चाळीस वर्षे लागली.

त्याच १९३८ च्या नोव्हेंबरात भवानरावांनी आपली राजसत्ता प्रजेच्या स्वाधीन करण्याचा मनोदय जाहीर केला आणि गांधीजींच्या सल्ल्याने सिद्ध झालेली, ग्रामपंचायतींवर आधारलेली राज्यघटना १९३९ च्या जानेवारीत अमलात आली. चिरंजीव अप्पासाहेब आणि मूळचे पोलंडचे मॉरिस फ्रिडमन हे या कार्यात अग्रभागी होते. आटपाडीजवळ स्वतंत्रपूर ही बिनभिंतींची कैद्यांची वसाहत उभी राहिली तीही याच काळात. तिच्यावरूनच पुढे १९५७ साली दिग्दर्शक व्ही. शांताराम यांचा ‘दो आँखें बारह हाथ’ हा बोलपट निर्माण झाला. नमस्कार आणि स्वराज्य यांचा संबंध काही वाचकांना ओढूनताणून आणलेला वाटेल. मला तसे वाटत नाही. ज्या राजाने स्वास्थ्य हे वैद्याच्या वा सरकारच्या हाती नसून प्रत्येकाच्या रोजच्या अभ्यासात आहे असे तीस वर्षे शिकवले, त्याने गावचा कारभारही गावाच्याच हाती असावा असे म्हणावे, हे त्याच विचाराचे पुढचे पाऊल होते. कैद्यावर भिंतीवाचून विश्वास टाकणे हेही त्याच जातीचे.

१९४८ च्या मार्चमध्ये औंध संस्थान मुंबई प्रांतात विलीन झाले. महाराज १९५१ साली निवर्तले. अप्पासाहेब त्याआधीच स्वतंत्र हिंदुस्थानचे प्रतिनिधी म्हणून पूर्व आफ्रिकेत नैरोबीला रुजू झाले होते. घराण्याचे ते जुने पद अशा रीतीने एका नव्या अर्थाने त्यांच्याकडे आले आणि वकिलातींच्या त्या धकाधकीच्या जीवनातही वडिलांनी लावलेला नेम त्यांनी सोडला नाही. १९७० साली त्यांनी सूर्यनमस्कारांवर स्वतःचे इंग्रजी पुस्तक लिहिले.