तळेघरचा हिरडा आणि अंगदुखीचा आहार

घोडेगाव मागे टाकून डिंभ्यावरून भीमाशंकराच्या वाटेला लागले म्हणजे चढणीवर तळेघर येते. आणि ऐन उन्हाळ्यात येथल्या एखाद्या अंगणात डोकावले, तर कातळावर किंवा जुन्या लुगड्यावर पसरलेली कोवळी हिरवी फळे दिवसादिवसाने सुरकुतत, मनुक्यासारखी आक्रसत, काळीभोर होत असलेली दिसतात. हा बाळहिरडा. कोयत्याच्या पात्याला त्याचा रस लागला की पाते काळवंडते. याच गुणामुळे हिरडा आणि हिराकस यांच्या मिश्रणातून पूर्वी शाई होत असे.

या फळाची कीर्ती तळेघरच्या लोकवस्तीहूनही जुनी असावी. चरकसंहितेच्या चिकित्सास्थानाचा आरंभच हरीतकी, म्हणजे हिरडा, व आमलकी यांच्या रसायनप्रयोगांनी होतो. लवण वगळता पाचही रस हरीतकीच्या ठायी मानलेले आहेत. सोळाव्या शतकातील भावप्रकाशाने तर तिला ऋतूंचे पथ्यच बांधून दिले: वर्षेत सैंधवाबरोबर, शरदात साखरेबरोबर, हेमंतात सुंठीबरोबर, शिशिरात पिंपळीबरोबर, वसंतात मधाबरोबर आणि ग्रीष्मात गुळाबरोबर. परंतु चरकानेच अंगदुखीसाठी, म्हणजे त्याच्या शब्दांत अंगमर्दासाठी, दहा औषधींचा जो गण सांगितला, त्यात सालवण, रिंगणी, एरंड, वाळा, वेलची आहेत, हिरडा नाही. आणि श्रम हरण करणारा जो गण सांगितला, तो तर निव्वळ खाद्यपदार्थांचा आहे: द्राक्षे, खजूर, चारोळी, बोर, डाळिंब, अंजीर, फालसा, ऊस, जव आणि साठीचा तांदूळ. दुखणाऱ्या देहाला औषध द्यावे आणि थकलेल्या देहाला अन्न, हा विवेक त्या विभागणीत स्पष्ट आहे.

व्यापाराला मात्र असल्या विवेकाचे प्रयोजन नव्हते. 1563 मध्ये गोव्यात छापलेल्या आपल्या ग्रंथात गार्सिया द ओर्ता या पोर्तुगीज वैद्याने हिरड्याचा विचार औषधी द्रव्य म्हणून केला. पुढे एकोणिसाव्या शतकात विलायतेतील चर्मकारखान्यांना कातडे कमावण्यासाठी तुरट द्रव्य हवे झाले, तेव्हा हेच फळ गलबतांतून व आगबोटींतून जाऊ लागले आणि त्याच्या प्रतींना भिमलीपट्टण, जबलपूर, वेंगुर्ला अशी बंदरांची व शहरांची नावे मिळाली. वेचणाऱ्यांच्या गावांची नावे त्या यादीत आली नाहीत. इकडे 1878 च्या कायद्याने जंगलावर सरकारचा अंमल घट्ट झाला, आणि येथल्या महादेव कोळी आदिवासी रयतेला रोखीच्या महसुलासाठी सावकाराच्या कर्जरोख्यावर अंगठा उठवावा लागे, ही स्थिती त्याआधीच रूढ झालेली होती. याच पट्ट्यातील जांभोरीच्या होन्या भागोजी केंगले यांनी 1873 च्या सुमारास सावकारांविरुद्ध बंड उभारले, आणि 1876 मध्ये ते पकडले गेले, त्याचे मूळ या रोख्यांत आहे. पुढे 1972 मध्ये स्थापन झालेल्या आदिवासी विकास महामंडळाने या भागात हिरडा खरेदीला प्रारंभ केला, तेव्हा खाजगी व्यापाऱ्याच्या तराजूसमोर दुसरा तराजू उभा राहिला.

आता पुन्हा अंगदुखीकडे वळू. ज्या दुखण्यात सर्वांगाचे स्नायू ठणकतात, झोप विसावा देत नाही आणि तपासणीत काही सापडत नाही, त्याला आज फायब्रोमायल्जिया म्हणतात. 1904 मध्ये विल्यम गावर्स या इंग्रज वैद्याने तंतुमय ऊतींचा दाह समजून त्याला फायब्रोसायटिस म्हटले. दाह सापडेना, तेव्हा 1976 मध्ये आजचे नाव आले, आणि 1990 मध्ये अमेरिकी संधिवाततज्ज्ञांनी 18 पैकी 11 बिंदू दाबताच दुखण्याची कसोटी घातली, जी पुढे 2010 मध्ये बदलली. ड जीवनसत्त्व, मॅग्नेशियम अशा पूरकांची आज मोठी चर्चा असली, तरी उणीव असल्यास ती भरून काढावी, याहून निश्चित असे फार काही हाती आलेले नाही. 2017 च्या युरोपीय मार्गदर्शनात ठाम शिफारस व्यायामाचीच आहे. आवणीच्या चिखलात दिवसभर वाकलेल्या बाईचे अंग मोडून येणे हा तोच विकार नव्हे, पण त्या बाईला व्यायाम सांगणेही हास्यास्पद ठरेल. तिला हवा असतो विसावा, आणि पोटभर अन्न.

ते अन्न येथे होतेही: शंभर ग्रॅम धान्यामागे तीनशे मिलिग्रॅमहून अधिक कॅल्शियम देणाऱ्या नाचणीची भाकरी, खुरासणीची चटणी, पावसाळी कुर्डू-भारंगीची भाजी, ओहोळातले खेकडे. उणीव असे ती आषाढ-श्रावणात, कणगी रिती झाल्यावर. आणि नेमका त्याच्या आधी हिरड्याचा पैसा हाती येई, ज्यातून पावसाळ्याचे मीठ, तेल, धान्य घरी भरले जाई. 2020 च्या जूनमधील निसर्ग वादळाने या झाडांची नासधूस केली, तेव्हा येथल्या माणसांनी भरपाईसाठी सरकारदरबारी धरणे धरले ते औषध गेले म्हणून नव्हे. तळेघरच्या अंगदुखीवर हिरड्याने जे काही केले असेल, ते चूर्णाच्या वाटेने नव्हे, भावाच्या वाटेने केले. म्हणून हिरड्याचा गुण शहरी माणूस चूर्णाच्या डबीवरच्या मजकुरात वाचतो. येथली बाई तो तराजूच्या काट्यावर वाचते.