वेलाना आंतरराष्ट्रीय विमानतळ

मालदीव या हिंदी महासागरातील द्वीपराष्ट्राचा प्रमुख विमानतळ. राजधानी मालेच्या पूर्वेस सु. २ किमी. अंतरावरील हुळुले या बेटावर तो वसलेला आहे. यास आरंभी ‘हुळुले विमानतळ’ म्हणत. १९८१ पासून ‘माले आंतरराष्ट्रीय विमानतळ’, २०११ पासून ‘इब्राहिम नासिर आंतरराष्ट्रीय विमानतळ’ आणि १ जानेवारी २०१७ पासून ‘वेलाना’ अशी त्याची नावे बदलत गेली. मालदीवची लोकसंख्या सु. ५ लाख १५ हजार (२०२२) असून सु. १,२०० बेटांचे एकूण भूक्षेत्र केवळ ३०० चौ. किमी.च्या आसपास आहे. उत्तर-दक्षिण सु. ८७० किमी. पसरलेल्या या राष्ट्रात परदेशाशी होणारी बहुतेक सर्व प्रवासी वाहतूक दीर्घकाळ या एकाच धावपट्टीवर अवलंबून राहिली. त्यामुळे या विमानतळाचा इतिहास हा काँक्रीट व डांबर यांच्यापुरता उरत नाही. तेथील राजसत्ता, परराष्ट्रसंबंध व अर्थव्यवस्था यांच्याशी तो अखेरपर्यंत गुंतलेला दिसतो.

मालदीवची बेटे प्रवाळजन्य असून कंकणद्वीपांच्या कड्यांवर ती विखुरलेली आहेत. समुद्रसपाटीपासून त्यांची सरासरी उंची सु. दीड मीटर आहे. बहुतेक बेटे इतकी लहान आहेत की, जेट विमानास पुरेशी धावपट्टी त्यांवर मुळात मावतच नाही. राजधानीचे माले बेटही जेमतेम २ चौ. किमी.चे व पूर्वीपासूनच दाट वस्तीचे आहे. साहजिकच शेजारच्या लांबट व अरुंद हुळुले बेटाची निवड झाली. या बेटावर पूर्वी वस्ती होती. विमानतळासाठी ती हलवावी लागली. बेटाची लांबी उत्तर-दक्षिण असल्याने धावपट्टीची दिशाही तीच ठरली. पावसाळ्यातील पश्चिमेकडचे वारे त्यामुळे विमानास आडवे लागतात. वाऱ्याचा कल पाहून धावपट्टीची दिशा ठरविण्याचा सर्वमान्य संकेत येथे जागेअभावी पाळता आला नाही.

मालदीवमधील पहिली धावपट्टी मात्र हुळुलेची नव्हे. मालेच्या दक्षिणेस सु. ५४० किमी. अंतरावर, विषुववृत्ताच्याही पलीकडे, अड्डू कंकणद्वीपातील गान बेटावर ब्रिटिशांनी दुसऱ्या महायुद्धाच्या काळात लष्करी विमानतळ बांधला. १९५७ पासून तेथे ब्रिटिश हवाई दलाचा तळ होता. त्या वेळी मालदीव हे ब्रिटिशांचे संरक्षित राज्य होते. गानचा तळ दीर्घ मुदतीच्या भाडेपट्ट्याने देण्याच्या वाटाघाटी आधीच्या सरकारने केल्या होत्या. १९५७ च्या अखेरीस पंतप्रधानपदी आलेल्या इब्राहिम नासिर यांनी त्यांस हरकत घेतली. तळावरील रोजगारामुळे दक्षिणेकडील कंकणद्वीपांचे हितसंबंध मालेहून वेगळे झाले आणि १९५९ मध्ये तेथे सुवादिव प्रजासत्ताक या नावाने फुटीर राज्य घोषित झाले. ते १९६३ पर्यंत टिकले. दरम्यान १९६० च्या करारान्वये ब्रिटनला गानचा वापर तीस वर्षांसाठी मिळाला व त्या बदल्यात विकासकार्यासाठी साडेसात लक्ष पौंडांचे साहाय्य मालदीवला देण्याचे ठरले. देशातील एकमेव धावपट्टी परक्या हवाई दलाच्या ताब्यात, तीही फुटून निघालेल्या प्रदेशात, अशी ही परिस्थिती होती. राजधानीजवळ स्वतःची धावपट्टी असण्याची निकड या पार्श्वभूमीवर पाहावयास हवी.

हुळुलेवरील पहिली धावपट्टी अत्यंत साधी होती. सु. ९१५ मी. लांब व २३ मी. रुंद अशा या पट्टीवर भोके पाडलेले पोलादी पत्रे एकमेकांत अडकवून अंथरले होते. दुसऱ्या महायुद्धात रणभूमीवर तातडीने धावपट्ट्या उभारण्यासाठी हीच पद्धत वापरीत. १९ ऑक्टोबर १९६० रोजी न्यूझीलंडच्या हवाई दलाचे ब्रिस्टल फ्रेटर जातीचे मालवाहू विमान येथे उतरले. प्रवासी वाहतुकीचे पहिले विमान एअर सिलोनचे. ते एप्रिल १९६२ मध्ये आले. पोलादी पत्रे पावसात निसरडे होत आणि मालदीवमध्ये पाऊस भरपूर. म्हणून मे १९६४ मध्ये डांबरी धावपट्टीचे काम हाती घेण्यात आले. हे काम चालू असतानाच २६ जुलै १९६५ रोजी मालदीव स्वतंत्र झाला आणि १२ एप्रिल १९६६ रोजी नासिर यांच्या हस्ते नव्या धावपट्टीचे उद्‌घाटन झाले. काम सुरू झाले ते संरक्षित राज्यात व संपले ते सार्वभौम राष्ट्रात, हा योगायोग मालदीवच्या इतिहासात लक्षणीय ठरतो. गानचा तळ ब्रिटिशांनी पुढे १९७६ मध्ये सोडला.

विमानतळ झाला तरी त्याचा उपयोग काय, हा प्रश्न काही वर्षे अनुत्तरितच होता. मासेमारी व सुकविलेल्या माशांची निर्यात यांवर जगणाऱ्या देशाला विमानवाहतुकीची फारशी गरज नव्हती. येथे पर्यटन विकसित होणे अशक्य आहे, असा अभिप्राय संयुक्त राष्ट्रांच्या तज्ञांनी साठच्या दशकात दिल्याचे सांगितले जाते. १९७२ च्या फेब्रुवारीत सु. वीस इटालियन पर्यटकांचा एक गट कोलंबोहून येथे आला. त्याच वर्षी विमानतळानजीकच्या एका निर्जन बेटावर ‘कुरुंबा’ हे पहिले पर्यटक-निवासस्थान सुरू झाले. एका बेटावर एकच निवासस्थान, ही मालदीवची पुढे जगप्रसिद्ध झालेली पद्धत येथूनच रूढ झाली. आरंभीची बहुतेक निवासस्थाने माले कंकणद्वीपातच आढळतात. याचे कारण विमानतळावरून पुढचा प्रवास धोनी या स्थानिक नावेने करावा लागे (हा शब्द संस्कृत ‘द्रोणी’शी नाते सांगतो), नाव काही तासांत जिथवर पोहोचेल, तिथवरच पर्यटनाची सीमा. ११ नोव्हेंबर १९८१ रोजी विस्तारित विमानतळास आंतरराष्ट्रीय दर्जा देण्यात आला आणि यूरोपातून थेट विमाने येण्याचा मार्ग मोकळा झाला.

नव्वदच्या दशकात सागरी विमानांनी ही सीमा ओलांडली. १९९३ पासून ट्विन ऑटर जातीची, चाकांऐवजी तराफे बसविलेली छोटी विमाने विमानतळालगतच्या खारकच्छातून उडू लागली आणि दूरच्या कंकणद्वीपांतही निवासस्थाने उभी राहिली. प्रवाळभित्तीने वेढलेले शांत पाणी हीच त्यांची धावपट्टी असल्याने प्रत्येक बेटावर जमीन शोधण्याची गरज उरली नाही. ही विमाने पाण्यावर नजरेने उतरतात, म्हणून केवळ दिवसाच चालतात. रात्री पोहोचलेल्या प्रवाशास दूरच्या बेटावर जाण्यासाठी उजाडेपर्यंत थांबावे लागते. पुढे येथील सागरी विमानांचा ताफा व तळ हे दोन्ही जगातील सर्वांत मोठे गणले जाऊ लागले. त्यांच्यासाठी बांधलेली स्वतंत्र प्रवासी इमारत २०२२ मध्ये सुरू झाली.

विमानतळाचे राजकीय महत्त्व सर्वांत ठळकपणे प्रकट झाले ते ३ नोव्हेंबर १९८८ रोजी. अब्दुल्ला लुतुफी या मालदीवी व्यापाऱ्याने श्रीलंकेतील एका सशस्त्र तमिळ संघटनेच्या सु. ८० भाडोत्री सैनिकांच्या साहाय्याने मालेवर पहाटे हल्ला चढविला. शहरातील मोक्याच्या जागा त्यांनी घेतल्या. परंतु समुद्रापलीकडील विमानतळ ताब्यात ठेवण्याची दक्षता त्यांनी घेतली नाही. लपून राहिलेले राष्ट्राध्यक्ष मौमून अब्दुल गयूम यांनी भारताकडे मदत मागितली. त्याच रात्री आग्र्याहून, अडीच हजार किमी.हून अधिक अंतर कोठेही न थांबता कापून, भारतीय हवाई दलाची इल्यूशिन-७६ विमाने ब्रिगेडियर फारुख बलसारा यांच्या नेतृत्वाखालील छत्रीधारी सैनिकांसह हुळुलेवर उतरली. मोहिमेच्या पूर्वतयारीत सैन्यापुढे हुळुलेऐवजी गानच्या विमानतळाचे चित्र ठेवले गेले होते आणि त्या वेळी दिल्लीत असलेले भारताचे मालेतील उच्चायुक्त अ. कु. बॅनर्जी यांनी ती चूक लक्षात आणून दिली, असे या मोहिमेच्या वृत्तांतांत नमूद आहे. चूक तशीच राहिली असती, तर योजना पाचशे किमी. दूरच्या बेटाच्या आधारे आखली गेली असती. विमानतळ सुरक्षित करून सैनिक नावांनी मालेस गेले व दुसऱ्या दिवशी पहाटेपर्यंत राष्ट्राध्यक्षांची सुरक्षितता निश्चित झाली. ओलिसांसह मालवाहू जहाजातून पळालेल्या हल्लेखोरांना भारतीय नौदलाने समुद्रात गाठले. त्या कारवाईतील ‘गोदावरी’ ही युद्धनौका मुंबईच्या माझगाव गोदीत बांधलेली होती. अडीच हजार किमी.वरील साहाय्य काही तासांत पोहोचू शकले, याचे श्रेय सैनिकांइतकेच मोकळ्या राहिलेल्या त्या धावपट्टीसही द्यावे लागेल.

२६ डिसेंबर २००४ च्या त्सुनामीत धावपट्टीवर पाणी आले व वाहतूक थांबली. तथापि काही तासांतच ती पुन्हा सुरू झाली. डिसेंबर २०१४ मध्ये मालेतील समुद्रजल गोडे करणाऱ्या संयंत्रास आग लागून शहरात पाणीटंचाई उद्‌भवली, तेव्हा भारतीय हवाई दलाने पिण्याचे पाणी येथेच उतरविले.

एकविसाव्या शतकात धावपट्टीवरील ताब्याचा जुना प्रश्न निराळ्या स्वरूपात उभा राहिला. राष्ट्राध्यक्ष मोहम्मद नशीद यांच्या सरकारने जून २०१० मध्ये भारतातील जीएमआर व मलेशियातील मलेशिया एअरपोर्ट्स या कंपन्यांच्या संयुक्त गटाशी २५ वर्षांचा करार केला. त्यानुसार विमानतळाचे संचालन व विस्तार यांची जबाबदारी या गटाकडे गेली व त्यासाठी ५० कोटी डॉलरहून अधिक गुंतवणूक अपेक्षित होती. विरोधकांचा मुख्य आक्षेप राष्ट्राची एकमेव वेस परकीयांच्या हाती गेल्याचा होता. व्यवहारात वाद पेटला तो निघणाऱ्या प्रवाशांवरील २५ डॉलरच्या विकास-आकारावरून. संसदेच्या संमतीवाचून असा आकार घेता येणार नाही, असा निर्णय मालेतील न्यायालयाने २०११ मध्ये दिला आणि कराराचा आर्थिक पायाच डळमळला. फेब्रुवारी २०१२ मध्ये नशीद पायउतार झाले. नव्या सरकारने २७ नोव्हेंबर २०१२ रोजी करार अवैध ठरवून रद्द केला व डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यापर्यंत विमानतळ सरकारी कंपनीकडे परत घेतला. सिंगापूर येथील लवादाने २०१४ मध्ये करार वैध होता, असा निर्वाळा दिला. अखेर २०१६ मध्ये मालदीवला सु. २७ कोटी डॉलर भरपाई द्यावी लागली. सार्वभौमत्वाच्या मुद्द्यावर मिळविलेल्या या ताब्याची किंमत लहान अर्थव्यवस्थेच्या मानाने जबर होती. भारत–मालदीव संबंधांतही या प्रकरणाने दीर्घकाळ कटुता राहिली.

यानंतरचा विस्तार चिनी व अरबी भांडवलावर झाला. बीजिंग अर्बन कन्स्ट्रक्शन ग्रूप या कंपनीने जुन्या धावपट्टीस समांतर, खारकच्छात भराव घालून, ३,४०० मी. लांब व ६० मी. रुंद अशी नवी धावपट्टी बांधली. ती २०१८ मध्ये वापरात आली व सर्वांत मोठ्या प्रवासी विमानांसही हे बेट खुले झाले. त्यापूर्वी, ७ सप्टेंबर २०१८ रोजी, तिरुअनंतपुरम्‌हून आलेले एअर इंडियाचे एक विमान चुकून या अपुऱ्या धावपट्टीवर उतरले होते. त्यातील १३६ जण सुखरूप राहिले. त्याआधी थोडेच दिवस, ३० ऑगस्ट २०१८ रोजी, माले व हुळुले यांस जोडणारा चिनी साहाय्याने बांधलेला पूल खुला झाला आणि विमानतळावर पोहोचण्यासाठी नावेची अपरिहार्यता संपली. उत्तरेस समुद्रात भराव घालून १९९७ पासून उभारलेले हुळुमाले हे नगरही रस्त्याने जोडलेले असल्याने एकेकाळचे एकाकी बेट आता राजधानीच्या मधोमध आले आहे. सौदी बिनलादिन ग्रूपने बांधलेली, वर्षाकाठी ७५ लक्ष प्रवाशांची क्षमता असलेली नवी प्रवासी इमारत स्वातंत्र्याच्या साठाव्या वर्षदिनी, २६ जुलै २०२५ रोजी सुरू झाली. देशात आलेल्या पर्यटकांची संख्या २०२४ मध्ये २० लक्षांवर गेली होती, म्हणजे लोकसंख्येच्या जवळजवळ चौपट. करोनाच्या साथीत मार्चअखेरपासून १५ जुलै २०२० पर्यंत पर्यटकांचे आगमन बंद होते. त्या काळात देशाच्या उत्पन्नाचा मुख्य स्रोतच आटला.

गान व उत्तरेकडील हनीमाधू येथील विमानतळांनाही आता आंतरराष्ट्रीय दर्जा आहे. परंतु बहुसंख्य प्रवासी अद्याप हुळुलेवरच उतरतात. वेलाना हे नाव इब्राहिम नासिर यांच्या मालेतील घराण्याच्या घराचे आहे. सत्तेवरून गेल्यावर नासिर यांनी उर्वरित आयुष्य सिंगापूरमध्ये घालविले व २००८ मध्ये तेथेच त्यांचे निधन झाले.