चांदा प्रांतींचें उच्च शिक्षण : विद्यापीठ दूर कीं गुरु दूर?

महाविद्यालयांत राहून शिकावें, कीं घरीं बसून टपालानें वा संगणकावरून येणाऱ्या पाठांवर पदवी मिळवावी, हा प्रश्न आजच्या यंत्रांनीं उत्पन्न केला अशी सार्वत्रिक समजूत आहे. चांदा प्रांताचा इतिहास पाहतां ती टिकत नाहीं, असें आमचें मत झालें आहे.

कलकत्ता, मुंबई व मद्रास हीं विद्यापीठें १८५७ त निघालीं, तीं लंडनच्या धर्तीवर. म्हणजे परीक्षा घेणारीं, शिकविणारीं नव्हत. खुद्द लंडन विद्यापीठानें तर १८५८ च्या सनदेनें कोणत्याही कॉलेजांत न बसलेल्यांसही आपल्या परीक्षा मोकळ्या केल्या. नागपुरास हिस्लॉप कॉलेज १८८३ त व मॉरिस कॉलेज १८८५ त निघालें. दोहोंचा संबंध प्रथम कलकत्त्याशीं व पुढें अलाहाबादेशीं होता. नागपूर विद्यापीठ झालें १९२३ त. म्हणजे चांद्याचा जो मुलगा त्यापूर्वीं पदवीधर झाला, त्यानें आपलें विद्यापीठ बहुधा डोळ्यांनीं पाहिलेंही नसेल. परंतु नागपुरास अध्यापक समोर होता. विद्यापीठ दूर, गुरु जवळ, अशी ती व्यवस्था होती.

पुढें हा क्रम उलटा झाला. दिल्ली विद्यापीठानें १९६२ त पत्रद्वारा शिक्षण सुरू केलें, व महाराष्ट्रांत १९८९ त नाशिकास यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ स्थापन झालें. त्याचीं अभ्यासकेंद्रें ठिकठिकाणच्या चालू महाविद्यालयांतूनच उघडण्यांत आलीं. यामुळें विद्यापीठाची पाटी तालुक्याच्या गांवीं आली, गुरु मात्र पुस्तकांत शिरला.

आतां प्रदेशाकडे पहा. २६ ऑगस्ट १९८२ रोजीं गडचिरोली हा जिल्हा चंद्रपुरापासून वेगळा निघाला. त्याचा तीन चतुर्थांशाहून अधिक भाग अरण्यानें व्यापिलेला आहे. पावसाळ्यांत पर्लकोटेला पूर आला कीं भामरागडचा मार्ग तुटतो. गोंडवाना विद्यापीठ २०११ त गडचिरोलीस स्थापन झाल्यानें दोन्ही जिल्ह्यांचा नागपूरशीं असलेला विद्यापीठीय संबंध सुटला, ही मोठीच सोय झाली. तथापि सिरोंच्याच्या मुलास गडचिरोलीही जवळ नाहीं. उन्हाळ्यांत तेंदूपानाच्या फळीवर व पावसाळ्यांत धानाच्या बांध्यांत ज्याचे हात गुंतलेले, किंवा लग्न होऊन जी सासरीं गेली, तिला वसतिगृहांत राहून शिक असें सांगणें व्यर्थ होय. तिच्यापुढें दोन वाटा नाहींतच. एक वाट आहे, ती सोडली तर कांहीं नाहीं. सप्टेंबर २०२२ मध्यें विद्यापीठ अनुदान आयोगानें मान्यताप्राप्त दूरस्थ व ऑनलाइन पदव्या नियमित पदव्यांशीं समकक्ष असल्याचें जाहीर केलें, हें तिच्या दृष्टीनें लहान काम नव्हे. वैद्यक व अभियांत्रिकी यांस मात्र हा मार्ग बंदच आहे, आणि तें योग्यच आहे.

येथें एक अडचण सांगितलीच पाहिजे. टाळेबंदीच्या १९४२ नव्हे, १९२० नव्हे, तर अगदीं परवांच्या २०२० सालीं पाठ पडद्यावर आले, तेव्हां जेथें मोबाइलची रेंजच पोहोंचत नाहीं तेथें ते पोहोंचले नाहींत. त्याहून खोल अडचण भाषेची. माडिया बोलणाऱ्या मुलास मराठी छापील पुस्तक ही आधींच परकी वस्तु. अडलें तेथें थांबून दोन शब्द त्याच्या बोलींत सांगणारा माणूस पुस्तकांत नसतो.

आमच्या शास्त्रापुरतें बोलावयाचें तर मोडीचीं अक्षरें चित्रावरून ओळखतां येतील. पण कागदाची जात, शाईचा उतार, घडीची जागा व शिक्क्याचा दाब हीं जाणत्याच्या शेजारीं बसून कागद हातीं घेतल्यावांचून कळत नाहींत. उलटपक्षीं, नागपुरास वा पुण्यास धाडलेला मुलगा परत येतोच असें नाहीं. अहेरीसारख्या जमीनदाऱ्या १९५१ त संपल्या. त्या मुलखांतील घराघरांतून जे कागद उरले असतील, ते उजेडांत आणावयाचे तर तेथेंच राहणारा व शिकलेला माणूस हवा. मार्कंड्याच्या देवळांशेजारीं चामोर्शीस राहून इतिहासाची पदवी घेणारी मुलगी या कामीं आम्हांस शंभर कोसांवरील पंडितापेक्षां अधिक उपयोगी वाटते. वर्षांतून महिनाभर तिला दप्तरखान्यांत बसवावें, उरलेले अकरा महिने तिनें गांवींच शिकावें, अशी सोय कोणीं केली तर तिचें स्वागत करूं.

शेवटीं संग्राहकांस एक विनंति. जुन्या सनदा जपणारे आपण, पण मुक्त विद्यापीठाच्या पहिल्या वर्षांचीं पाठ्यपुस्तकें, माहितीपत्रकें व अभ्यासकेंद्रांच्या सूचना आज रद्दींत जात आहेत. चांदा-गडचिरोलीकडील असे कागद कोणापाशीं असल्यास त्यांची यादी करून ठेवावी, व शक्य तर एक प्रत मंडळाकडे धाडावी.