काउंटरवरची गोळी: नांदेड-लातूरकडून पाहिलेला एका औषधाचा इतिहास

आजचा विषय ठरला तेव्हा पत्रिकेवर नेमकं काय छापायचं, हे संयोजकांनी आम्हाला दोनदा विचारलं. शेवटी 'पुरुषांचे आरोग्य' असं गोल शब्दांत छापलं गेलं. त्यांचा दोष नाही. हा सगळा इतिहासच नाव न घेण्याचा आहे.

आपण नाव घेऊ. संबंधाच्या वेळी लिंगाला पुरेशी ताठरता न येणं, किंवा आलेली न टिकणं, ही तक्रार; तिच्यावरची सिल्डेनाफिल आणि टाडालाफिल ही औषधं; आणि डॉक्टरच्या चिठ्ठीवर द्यायची ही औषधं आपल्याकडे चिठ्ठीशिवाय हातोहात कशी फिरू लागली, एवढाच आजचा विषय. आम्ही इतिहासाचे विद्यार्थी, डॉक्टर नाही. पण चिठ्ठी कुठे हरवली, हा प्रश्न इतिहासाचाच आहे.

१७ सप्टेंबर १९४८ पर्यंत आपला मुलूख निजामाच्या राज्यात होता. नांदेड हा जिल्हा, लातूर हे उस्मानाबाद जिल्ह्यातलं गाव. लातूर जिल्हा झाला तो थेट १९८२ साली. हैदराबाद संस्थानात युनानी वैद्यकाला राजाश्रय होता. त्यामुळे आपल्याकडच्या माणसापुढे दोन वाटा असत, एक वैद्यबुवांची आणि दुसरी हकीमसाहेबांची. दोघांच्याही शास्त्रात या विषयाला मानाची जागा होती, हे आज आपण विसरलो. आयुर्वेदाच्या आठ अंगांपैकी वाजीकरण हे एक पूर्ण अंग. चरकसंहितेच्या चिकित्सास्थानात पहिला अध्याय रसायनाचा आणि दुसरा वाजीकरणाचा, ज्वराचा नंबर त्यानंतर. युनानीत 'कुव्वते-बाह' हा रीतसर विषय. माजून, कुश्ते ही त्यांची औषधं. कमजोरी, ताकद, नामर्द, दवाखाना हे शब्दही फारसी-उर्दूच्या वाटेनंच मराठीत आले.

त्या औषधांनी गुण किती येई, हा वेगळा वाद. कुश्ता म्हणजे धातूचं भस्म. ते कच्चं राहिलं तर मूत्रपिंडाला बाधतं. पण एक गोष्ट तिथे होती. हकीम नाडी बघायचा, लघवी कशी होते विचारायचा, झोप विचारायचा. म्हणजे औषधाआधी माणूस तपासला जायचा. ही तपासणी मधल्या काळात गळाली, आणि औषध तेवढं उरलं.

गळाली कशी? वैद्य-हकीम मागे पडले आणि त्यांची भाषा उचलून भिंती रंगवणारे पुढे आले. एसटीच्या खिडकीतून ज्यानं प्रवास केला आहे त्याला त्या भिंती पाठ असतील: गुप्तरोग, कमजोरी, अमुक वारी अमुक लॉजवर भेटा. जत्रेत जडीबुटी मांडून बसणारे निराळेच. यात्रा माळेगावच्या खंडोबाची असो की लातूरच्या सिद्धेश्वराची, गर्दीत कुणी कुणाला ओळखत नाही, हेच त्यांचं भांडवल.

सरकारला हे दिसत नव्हतं असं नाही. १९५४ साली औषधे आणि जादूटोण्याचे उपाय यांच्या आक्षेपार्ह जाहिरातींविरुद्ध केंद्रानं कायदा केला. तेव्हा आपण अजून हैदराबाद राज्यातच होतो. या कायद्याच्या तिसऱ्या कलमात लैंगिक सुखाची क्षमता वाढवण्याचा दावा करणाऱ्या औषधाच्या जाहिरातीला बंदी आहे. कायदा आजही जिवंत आहे, आणि भिंतीही. आमचं मत विचाराल तर कायद्यानं जाहिरातदाराला गाठायचा प्रयत्न केला, पण रोग्याला बोलायला जागा कुठेच दिली नाही.

ती जागा करून देऊ पाहणारा एक माणूस मुंबईत होता. र. धों. कर्वे. 'समाजस्वास्थ्य' हे मासिक त्यांनी १९२७ पासून १९५३ पर्यंत, म्हणजे मरेपर्यंत चालवलं. वाचक त्यात लैंगिक प्रश्न विचारत आणि कर्वे सरळ उत्तरं देत. १९३४ साली याच उत्तरांवरून त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला झाला. त्यांचं वकीलपत्र घेतलं डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी. लैंगिक विषयावर लिहिलं म्हणजे ते अश्लील होत नाही, अशी बाजू बाबासाहेबांनी मांडली. खटला हरले, कर्व्यांना दोनशे रुपये दंड झाला. ज्या प्रश्नाला उत्तर दिलं म्हणून दंड होतो, तो प्रश्न माणूस डॉक्टरला कशाला विचारेल? तो काउंटरवर जातो आणि खालच्या आवाजात 'ती गोळी' मागतो.

आता गोळीकडे येऊ. तिचं मूळ शयनगृहात नाही, हृदयरोगाच्या औषधशाळेत आहे, आणि इथे आम्ही जरा रेंगाळणार आहोत.

एकोणिसाव्या शतकात छातीतल्या कळेवर, म्हणजे अंजायनावर, ब्रिटिश डॉक्टरांनी नायट्रेट जातीची औषधं वापरायला सुरुवात केली. १८६७ मध्ये ब्रंटननं अमाइल नायट्राइट, १८७९ मध्ये मरेलनं नायट्रोग्लिसरीन. हे नायट्रोग्लिसरीन म्हणजे डायनामाइटमधलंच. गंमत अशी की आल्फ्रेड नोबेलला म्हातारपणी हृदयाचा त्रास झाला तेव्हा डॉक्टरांनी त्याला हेच औषध सांगितलं, आणि १८९६ च्या एका पत्रात त्यानं या योगायोगाबद्दल लिहून ठेवलं. त्याच जातीची गोळी आज आपल्या घराघरात आहे. छातीत दुखलं की जिभेखाली ठेवायची सॉर्बिट्रेट; काही आजोबांच्या सदऱ्याच्या खिशात ती कायम असते.

मग इंग्लंडमधल्या सँडविच गावी फायझर कंपनीचे संशोधक १९८० च्या दशकाअखेरीस अंजायनावरच नवं औषध शोधत होते. त्यातून सिल्डेनाफिल निघालं. छातीच्या दुखण्यावर ते फारसं चाललं नाही. मात्र चाचणीतल्या पुरुषांनी दुसराच परिणाम सांगितला. २७ मार्च १९९८ रोजी अमेरिकेत 'व्हायग्रा' या नावानं त्याला मंजुरी मिळाली. त्याच वर्षीचं वैद्यकाचं नोबेल पारितोषिक मिळालं ते नायट्रिक ऑक्साइड शरीरात रक्तवाहिन्या कशा सैल करतं, हे शोधणाऱ्या तिघांना.

लातूरकरांना पाण्याचा हिशोब समजावून सांगावा लागत नाही, म्हणून हौदाचं उदाहरण घेतो. इच्छा जागी झाली की लिंगात नायट्रिक ऑक्साइड तयार होतं, रक्तवाहिन्या सैल होतात, रक्त भरतं. एक विकर हा परिणाम लगेच पुसत असतं, जसं हौदाच्या तळाचं भोक. सिल्डेनाफिल त्या भोकाला बूच लावतं. म्हणून नुसती गोळी घेऊन काही होत नाही, इच्छा लागतेच. आता नायट्रेट म्हणजे वरून सोडलेला मोठा नळ. नळही सोडला आणि बूचही लावलं, तर अंगभरच्या रक्तवाहिन्या एकदम ढिल्या पडतात आणि रक्तदाब कोसळतो. माणूस दगावू शकतो.

हे पुस्तकी नाही. चित्र डोळ्यांसमोर आणा. पन्नाशीचा गृहस्थ, रात्री छातीत कळ, तालुक्याहून जीप करून नांदेडला विष्णुपुरीच्या किंवा लातूरच्या सरकारी दवाखान्यात आणलेला. भोवती बायको, मुलगा, मेहुणा. डॉक्टर नायट्रेट द्यायच्या बेतात. यानं संध्याकाळी मेडिकलवरून आणलेली गोळी घेतलेली आहे आणि सगळ्यांसमोर तो ते सांगणार नाही. सिल्डेनाफिल घेतल्यापासून २४ तास आणि टाडालाफिल घेतल्यापासून ४८ तास नायट्रेट टाळायचं असतं. म्हणून डॉक्टरनं नातेवाइकांना बाहेर काढून विचारायला हवं, आणि विचारलं नाही तर रोग्यानं आपण होऊन सांगायला हवं.

गोळी इतकी सहज हाती कशी आली? १९७० च्या आपल्या पेटंट कायद्यात औषधाच्या रेणूवर पेटंट मिळत नव्हतं, फक्त बनवण्याच्या पद्धतीवर मिळे. ही मुभा २००५ पर्यंत होती. तिच्या जोरावर भारतीय कंपन्यांनी २००१ च्या सुमारास स्वतःचं सिल्डेनाफिल बाजारात आणलं, फायझरची गोळी इथे यायच्या आधीच. स्वस्त औषध ही चांगलीच गोष्ट. त्याच कायद्यानं गरिबाला कितीतरी औषधं परवडू लागली. पण या गोळीच्या बाबतीत डॉक्टरची फी गोळीपेक्षा महाग आणि लाज त्याहून महाग, असा हिशोब बसला. 'डॉक्टरच्या चिठ्ठीवरच विक्री' ही ओळ पाकिटावर बारीक अक्षरात राहिली.

चिठ्ठीनं नेमकं काय होतं? डॉक्टर साधारण ५० मिलिग्रॅमपासून सुरुवात करतात. वय पासष्टच्या पुढे असेल किंवा यकृत-मूत्रपिंड अधू असेल तर २५ पासून. चोवीस तासांत एकदाच, आणि १०० च्या वर नाही. संबंधाच्या तासभर आधी. तेलकट-तुपकट जेवणावर घेतली तर उशिरा लागू पडते. दारूबरोबर रक्तदाब आणखी उतरतो. प्रोस्टेटसाठी टॅम्सुलोसिनसारखी गोळी चालू असेल, बुरशीवरचं किटोकोनॅझोल किंवा एचआयव्हीची काही औषधं चालू असतील, तर मात्रा बदलावी लागते. डोकं दुखणं, चेहरा लाल होणं, नाक चोंदणं हे चालायचंच. मात्र ताठरता चार तासांवर राहिली, किंवा अचानक दिसेनासं वा ऐकू येईनासं झालं, तर तडक दवाखाना. मित्रानं दिलेली १०० ची गोळी अर्धी मोडून खाणाऱ्याला यातलं काहीच माहीत नसतं.

आणि 'शंभर टक्के आयुर्वेदिक' पुडीवाल्यांनी सुटका झाली असं समजू नका. अमेरिकी औषध प्रशासनाच्या २००७ ते २०१६ च्या नोंदींत छुपी औषधं मिसळलेली ७७६ पूरक उत्पादनं सापडली. त्यात लैंगिक शक्तीची सर्वाधिक, आणि त्यांत सर्वांत जास्त वेळा सिल्डेनाफिल. म्हणजे जडीबुटी म्हणून खाल्लं तरी पोटात गोळीच, तीही किती ते न कळता.

पण चिठ्ठीचं सगळ्यात मोठं काम वेगळंच आहे. लिंगाच्या धमन्या हृदयाच्या धमन्यांपेक्षा बारीक. साखर, रक्तदाब, तंबाखू यांनी धमन्या खराब होतात तेव्हा बारीक नळी आधी तुंबते. ही तक्रार अनेकदा हृदयविकाराच्या दोन-चार वर्षं आधी येते. म्हणजे तक्रार घेऊन डॉक्टरकडे गेलेल्या माणसाची शुगर, बीपी, कोलेस्टेरॉल तपासलं जातं, तंबाखूवर बोललं जातं. काउंटरवर यातलं काही होत नाही. हकीम निदान नाडी तरी बघत होता.

शेवटी प्रश्नोत्तरांसाठी कागद फिरवले होते. एकावर नाव नाही, अक्षर थरथरतं. लिहिलंय: 'स्टेंट बसवून दोन वर्षं झाली. सॉर्बिट्रेट खिशात असते, लागली तर घेतो. ही गोळी चालेल का? डॉक्टरला विचारायला कसंतरी होतं.'

दादा, नायट्रेट लागतं तोवर नाही. अर्धीसुद्धा नाही. स्टेंट आहे म्हणून कायमचा दरवाजा बंद असंही नाही. नायट्रेट बंद करता येतं का, हृदयाला संबंधाचा ताण झेपेल का, हे हृदयरोगतज्ज्ञ तपासून सांगतात, आणि या गोळ्यांशिवायही उपाय आहेत. राहिलं ते विचारणं. तुम्ही कागदावर दोन ओळींत आम्हाला विचारलंतच की. तोच कागद घडी करून पुढच्या तपासणीला फाइलीत ठेवा, आणि डॉक्टरसमोर फाइल उघडताना वर राहू द्या. कागद इथे टेबलावर ठेवलाय. सभागृह रिकामं झालं की घेऊन जा, आम्ही मागे वळून बघणार नाही.