अस्थींची साक्ष

इंदूरच्या पलासियातून जाणारा आग्रा-मुंबई रस्ता घाट उतरून नर्मदेच्या खोऱ्यात येतो. त्या खोऱ्यात महेश्वरासमोर, नदीच्या दक्षिण तीरावर, नावडातोलीचे पांढरीचे टेकाड आहे. डॉ. हसमुख सांकलिया यांच्या नेतृत्वाखाली १९५२ पासून तेथे उत्खनन झाले आणि सुमारे साडेतीन हजार वर्षांपूर्वीच्या शेतकऱ्यांची घरे, धान्य व रंगीत मृद्भांडी उजेडात आली. याच माळवा संस्कृतीच्या लोकांची वस्ती पुणे जिल्ह्यात घोड नदीकाठी इनामगाव येथेही होती. तेथील उत्खनन १९६८ ते १९८३ या काळात झाले. इनामगावचे रहिवासी मृत बालकांना मातीच्या कुंभांत ठेवून घराच्या जमिनीखालीच पुरीत. गेलेल्यांना इतके जवळ ठेवणारी ही माणसे जिवंतपणी पंगू झालेल्यांशी कशी वागत असतील?

अशा प्रश्नाचे उत्तर खापरे देत नाहीत. ते अस्थींनाच विचारावे लागते. हाड मोडताच मृत्यू आला तर त्याच्या कडा तीक्ष्ण राहतात; माणूस जगला तर नवे हाड धरते आणि कडा बोथट होतात. मात्र सांधलेले प्रत्येक हाड शुश्रूषेची ग्वाही देते, असे मानणे घाईचे होय. रानातील जनावरांचीही मोडलेली हाडे कधी आपोआप सांधतात. म्हणून अभ्यासक निराळी कसोटी लावतात : त्या अवस्थेत त्या माणसाला स्वतःचे अन्नपाणी स्वतः मिळविता आले असते काय?

या कसोटीचे सर्वांत स्पष्ट उदाहरण भारताबाहेरचे आहे. व्हिएतनाममधील मान बाक येथे सुमारे चार हजार वर्षांपूर्वीच्या एका तरुणाचा सांगाडा मिळाला. त्याच्या मानेचे मणके जन्मतःच जुळलेले होते, आणि किशोरवयातच पक्षाघाताने त्याचे पाय निकामी व हात जवळजवळ दुबळे झाले होते. तरीही तो पुढे सुमारे दहा वर्षे जगला. लॉर्ना टिली व मार्क ऑक्सनहॅम यांनी २०११ मध्ये त्याचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्याला भरविणे, स्वच्छ ठेवणे, कुशीवर वळविणे ही कामे कोणीतरी रोज केली असलीच पाहिजेत. एरवी ही दहा वर्षे त्याला लाभलीच नसती.

भारतातील साक्ष अधिक गुंतागुंतीची आहे. राजस्थानात उदयपूरजवळ बालाथल येथे, सुमारे चार हजार वर्षांपूर्वी पुरलेल्या एका मध्यमवयीन पुरुषाच्या चेहऱ्याच्या हाडांवर कुष्ठरोगाच्या खुणा आढळल्या. हे संशोधन २००९ मध्ये प्रसिद्ध झाले. हा रोग मंद गतीचा. तो हाडापर्यंत पोहोचेतो वर्षे लोटतात. तितकी वर्षे हा माणूस जगला, आणि मृत्यूनंतर वस्तीतीलच दगडी आवारात, शेणाच्या राखेत पुरला गेला. हे दफन आदराचे होते की भीतीचे, याचा निवाडा हाडे करीत नाहीत. परंतु त्याचे प्रेत दूर रानात टाकले गेले नाही, एवढे खरे.

याच देशात निराधार कुष्ठरुग्णांना समाजापासून अलग ठेवणारा कायदा १८९८ मध्ये झाला आणि तो रद्द होण्यास २०१६ साल उजाडले. लेखनकलाही नसलेल्या त्या प्राचीन वस्त्यांना रानटी म्हणण्यापूर्वी ही दोन्ही सालेही ध्यानात घ्यावी लागतात.